पाचवा ठिपका

परतवाड्यात सहदेव मिस्त्रीच्या दुकानाला पाटी नाही आणि तिची गरजही कधी पडली नाही. बसस्टँडवरून धारणीचा रस्ता धरायचा, सवाऱ्यांसाठी खोळंबलेल्या जीपगाड्या मागे टाकायच्या आणि रस्त्याकडेची माती जिथे तेल पिऊन काळीकुट्ट झालेली दिसेल तिथे थांबायचं. एका निंबाखाली टिनाचं शेड, शेडमागे दोन खोल्यांचं घर, अंगणात शकुनवहिनींनी वाळत घातलेल्या मिरच्या. सतरा वर्षं हा देखावा तसाच होता. बदलल्या त्या फक्त दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या.

सहदेव बावन्न वर्षांचा, सडाफटिंग. त्याचा थोरला भाऊ वामन सतरा वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात एका सकाळी राजदूत मोटारसायकलवर लसणाची पोती बांधून धारणीच्या बाजाराला निघाला, आणि सेमाडोहच्या वाटेवरच्या घाटात कुठे विरघळला ते कुणालाच कळलं नाही. माणूस सापडला नाही, गाडी सापडली नाही, लसणाची एक पाकळीही सापडली नाही. चार दिवस माणसं दऱ्या उतरून आली आणि मग आपापल्या कामाला लागली. वामनची बायको शकुन आणि सहा वर्षांची भावना सहदेवनं सांभाळली. असा दीर देवानं सगळ्यांना द्यावा, असं लोक म्हणत. ते ऐकलं की सहदेव पाना उचलून कुठलं तरी काम काढून बसे.

लोकांना काय ठाऊक! खरं कारण गल्ल्यामागच्या फळीवर एका बामच्या डबीत होतं.

सहदेवचे उस्ताद नत्थुजी फार कमी बोलत, पण त्यांनी दोन गोष्टी अशा शिकवल्या होत्या की त्यात सूट नाही. पहिली म्हणजे, इंजिन उघडलं की त्याच्या प्रत्येक मोठ्या पार्टावर पंच नावाच्या टोकदार खिळ्यानं एक ठिपका मारायचा. जितक्या वेळा उघडलं तितके ठिपके. म्हणजे चार इंजिनं जमिनीवर पसरली तरी कुणाचं काय ते चुकत नाही, आणि इंजिनाचं वयही कळतं. सहदेवच्या पंचाचं टोक एका बाजूनं तुटलेलं होतं, त्यामुळे त्याचा ठिपका गोल न पडता चंद्रकोरीसारखा पडे. वऱ्हाडात तसा ठिपका दुसऱ्या कुणाचा नव्हता.

दुसरी गोष्ट ट्रायलची. नत्थुजी म्हणत, "आपुन भरलेल्या इंजनवर पयले आपुन बसाचं. गिऱ्हाईक मंग." आधी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जायचं, तिथल्या शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावायचा, परत यायचं, आणि मगच किल्ली गाडीवाल्याच्या हातात. काही राहिलं असेल तर ज्यानं राहू दिलं त्याच्यावरच ते निघावं, एवढा साधा हिशोब होता त्या माणसाचा.

त्या फाल्गुनात वामनच्या राजदूतच्या रिंगा बदलायला सहदेवनं इंजिन उघडलं. चौथी वेळ. चौथा ठिपका. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते पुन्हा जोडून भरलं, तर वामन पोती बांधून तयारच उभा. बाजार धरायचा होता. ट्रायलचं नाव काढताच तो हसला आणि म्हणाला, की धारणीपर्यंत ट्रायलच तर आहे. सहदेवला चहा हवा होता. त्यानं जाऊ दिलं.

संध्याकाळी जमीन झाडताना फळकुटाखालून एक लॉक निघालं. पिस्टनच्या पिनेला दोन्ही टोकांना तारेची एकेक बारीक कडी बसवतात, ती पिनेला जागेवर धरते. करंगळीच्या नखाएवढी वस्तू. ती बसवायची राहिली की पिन हळूहळू सरकते, ब्लॉकची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीची, भिंत खरवडते आणि चढावावर, इंजिन तापलेलं असताना, ते एका झटक्यात जाम होतं. मागचं चाक तिथेच अडकतं. एका बाजूला दरी असली तर पुढचं सांगायला मिस्त्री लागत नाही.

सगळ्यांनी विचारलं, गाडी बरी होती ना? सहदेवनं सांगितलं, एक नंबर होती. लॉक बामच्या डबीत ठेवलं आणि डबी फळीवर. त्यानंतर त्यानं ती उघडली नाही, फेकलीही नाही.

यंदा भावनाचं लग्न ठरलं. मुलगा अंजनगाव सुर्जीचा, केळीच्या बागा असलेलं घर, माणसं भली. सगळं जमलं आणि पत्रिकेवर अडलं. छापखान्याच्या माणसानं नमुना मोबाइलवर पाठवला, त्यात वधूपित्याच्या नावाआधी जागा मोकळी सोडलेली होती. तिथे 'श्री.' टाकू की 'कै.' टाकू, शुक्रवारपर्यंत कळवा. मुलाकडचे हळूच म्हणाले, की इतकी वर्षं झाली, आता कैलासवासी लिहिलेलं बरं, मांडवात कुणी विचारायला नको. भावना दोन दिवस जेवली नाही. आणि शकुनवहिनी मिरच्यांची टोपली घेऊन शेडमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या.

"सतरा वर्सं मी कुंकू लावून राहिली, भाऊजी. आता पोरीच्या पत्रिकेत मीच त्याइले मारू काय? मोटारसायकल चांगली होती, हे तुमीच सांगतलं होतं. त्याच शब्दावर तं बसली मी. आता तुमीच सांगा. तुमी म्हनसान थे छापू."

त्या गेल्या. सहदेवनं उगाच पाना उचलला आणि आधीच घट्ट असलेला एक नट पुन्हा आवळला.

दुसऱ्या दिवशी सोमवारी तो रबरी सामान आणायला अकोल्याला गेला. भंगार बाजारात उगीच फिरायची त्याला सवय होती. दुपारचं ऊन, पत्र्यांवरून उठणारी वाफ, सायकलींच्या सांगाड्यांमध्ये झोपलेली कुत्री. एका ढिगात राजदूतचं चेंबर पडलेलं दिसलं. चेंबर म्हणजे इंजिनाचं खालचं धड, बाकी सगळं ज्याच्या पोटात बसतं ते. सहदेवनं ते सहज उलटं केलं, अंगठ्यानं मळ पुसला.

चंद्रकोरी. ओळीनं.

त्यानं त्या मोजल्या. पाच होत्या.

वामनचं इंजिन त्यानं चारदा उघडलं होतं, यात शंका नव्हती. चारही वेळा ठिपका त्यानं स्वतःच्या हातानं मारला होता. पाचवा ठिपका कुणी मारला? पंच तर कधी दुकानाबाहेर गेला नव्हता. भंगारवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की माल कुठून कुठून येतो, लोखंडाला गाव नसतं. सहदेवनं चेंबर पिशवीत घातलं आणि येताना एसटीत ते मांडीवर धरून बसला. शेजारची बाई त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती. परतवाडा आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की दर्यापूरपासून तो त्या लोखंडावरून हात फिरवत होता.

मंगळवारी अंजनगावहून बोलावणं आलं, मांडवाची जागा पाहून जा. व्याह्यांच्या मळ्यात केळीखाली गारवा होता, पाटाचं पाणी झुळझुळत होतं आणि एक वासरू जड लोखंडाला बांधलेलं होतं. ते लोखंड म्हणजे राजदूतचा क्रँक, चेंबरच्या पोटात फिरणारा जड दांडा, मॅग्नेटसकट. हे कुठून आणलं, असं विचारलं तर व्याही आठवू लागले आणि त्यांना आठवेना. आमच्या बापाच्या वेळेपासून असेल, म्हणाले. क्रँकवर पाच चंद्रकोरी होत्या. सहदेवनं तो मागून घेतला. नवरीच्या काकानं मळ्यात पाय ठेवताच वासराचा खुंटा मागावा, याचं व्याह्यांना हसू आलं, पण माणसं भली, त्यांनी दिला.

बुधवारी चांदूर बाजारची एक ओळखीची माळीण दुकानावरून जाताना टोपली टेकवून बसली. फुलांवरचा ओला कपडा उडू नये म्हणून तिनं वर ठेवलेलं वजन सहदेवनं उचलून पाहिलं. इंजिनाचं हेड होतं, वरचं झाकण, आणि त्यावरही पाच चंद्रकोरी. त्याबदली त्यानं तिला चांगला वजनदार नट दिला. ती म्हणाली, "घ्या ना मिस्त्री. तसंही थे मले जडच झालं होतं. फुलं त्याच्याखाली कोमेजतच नव्हती, पाहा. चार-चार दिवस तशीच राहे."

आता सहदेव घाबरायला हवा होता. तो घाबरला नाही. त्याला झोपेत चालल्यासारखं वाटत होतं, आणि त्या चालण्यात एक सुख होतं. तो पार्ट रॉकेलमध्ये धुई, फडक्यानं पुसे, निंबाच्या सावलीत मांडून ठेवी. जेवायला बोलावलं तर ऐकू येत नसे. एकच गोष्ट त्याला पाहायची होती. ब्लॉकची भिंत. भिंतीवर ओरखडा असला तर वामनला त्यानं मारलं. ओरखडा नसला तर वामन आपल्या पायानं, आपल्या मर्जीनं कुठे तरी निघून गेला, आणि मग सतरा वर्षांचं ते कुंकू कशासाठी? यातलं काय खरं निघावं असं आपल्याला वाटतं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी सेमाडोहकडून आलेली एक जीप थांबली. चालकानं खिडकीतून वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं पुढे केलं. घाटातून एक सवारी बसली होती, म्हणाला, उतरताना हे सीटवर ठेवून गेली. सहदेव मिस्त्रीला द्या म्हणाली.

"कोन होता?" सहदेवनं विचारलं.

चालकानं त्याचा चेहरा न्याहाळला. "मले वाटलं तुमचा भाऊच असन. तुमच्यासारखाच दिसे थो. पन कपड्याइले लई लसनाचा वास."

जीप गेली. कागद पांढराशुभ्र होता, शाईचा वास ताजा होता. वर तारीख होती सतरा वर्षांपूर्वीची. आत ब्लॉक आणि पिस्टन. सहदेवनं ब्लॉक उचलला, उन्हाकडे धरला आणि डोळा लावला.

भिंत आरशासारखी होती. एक रेघ नाही. आत त्याला त्याचाच डोळा दिसला.

मग त्यानं पिस्टन पाहिला. रिंगा कोऱ्या, त्यानंच बसवलेल्या. पिनेच्या एका बाजूला लॉक होतं. दुसऱ्या बाजूची खाच रिकामी. खाचेत त्या सकाळचं तेल अजून ओलं होतं.

मिस्त्री माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. एका लॉकवर हे इंजिन घाटापर्यंत गेलं असतं तर भिंत अशी राहिली नसती. म्हणजे भरल्यापासून ते चाललंच नव्हतं. वामन त्यावर बसून गेला, हे अख्ख्या परतवाड्यानं पाहिलं होतं, आणि तरी ते चाललं नव्हतं. सहदेव जमिनीवर बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. किती तरी वर्षांनी त्याला कुणी तरी तीच सकाळ परत दिली होती, चहाच्या आधीची.

शुक्रवार उजाडला. छापखान्याचा फोन दोनदा वाजला. सहदेवनं उचलला नाही.

त्यानं फळीवरून बामची डबी काढली. लॉक तसंच होतं, गंज नाही. क्रँक चेंबरमध्ये बसवून त्याच्या दांड्याला पिनेनं पिस्टन जोडला, आणि चिमट्यानं धरून लॉक खाचेत बसवलं. बारीक आवाज झाला, नखानं नख वाजवावं तेवढा. मग पिस्टन ब्लॉकमध्ये, ब्लॉक चेंबरवर, पॅकिंग, हेड, नट. कोपऱ्यात एका जुन्या राजदूतचा सांगाडा पडून होता, त्यावर दुपारपर्यंत इंजिन चढवलं. हात आपसूक चालत होते. शेवटी सवयीप्रमाणे त्यानं पंच आणि हातोडी घेतली. इंजिन उघडलं-भरलं की एक ठिपका. नियम म्हणजे नियम.

पंच चेंबरवर टेकवला आणि तो थांबला.

चार ठिपके जुने. पाचवा आजचा. तो तर आधीच मारलेला होता.

त्यानं पंच खाली ठेवला.

किकला पाय लावला, आणि पहिल्याच किकला इंजिन लागलं. घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. शकुनवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, पीठ लागलेले हात तसेच. तो आवाज त्या विसरणं शक्यच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं काही एकदम आलं, की सहदेवला तिकडे पाहवेना.

"थेच इंजन हाय हे," त्या म्हणाल्या.

"होय वहिनी. ट्रायल राह्यली होती त्याची. घेऊन येतो, मंग सांगतो पत्रिकेत काय लिहाचं थे."

"जेवून तं जा."

"पयल्या वळनावरून येतो वापस," असं म्हणून त्यानं गाडी गियरमध्ये टाकली.

रस्ता मोकळा होता. एक जीप नाही, एक माणूस नाही. दोन्ही बाजूंना पळस असा फुलला होता की पान दिसेना. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येत होता. इंजिन इतकं एकसुरात चाललं होतं, की थोड्या वेळानं त्याचा आवाज येईनासा झाला. मग वाऱ्याचाही येईना. चढण लागली. सहदेवला खूप हलकं वाटत होतं.

वळण आलं. शेंदरी दगड आला. तिथे लसणाचा वास होता, ताजा, पोतं नुकतंच फाटल्यासारखा.

मागचं चाक क्षणभर अडखळलं. किंवा तसं वाटलं.

त्यानं दगडाला हात लावला. शेंदूर गार होता. गाडी वळवली आणि तो घाट उतरायला लागला.

परतवाड्यात शिरला तेव्हा ऊन कललं होतं. निंब तिथेच होता, जरा मोठा वाटला. खालची माती काळी नव्हती. साधी पांढुरकी माती, सडा घातलेली. टिनाच्या शेडमध्ये लसणाची पोती रचलेली होती. घरावर एक मजला चढला होता.

सहदेवनं गाडी स्टँडला लावली आणि अंगणात आला.

बाजेवर एक माणूस पाय पोटाशी घेऊन बसला होता. केस पिकलेले, चष्मा नाकावर घसरलेला. समोर लग्नपत्रिकांचा गठ्ठा, शेजारी कुंकवाची डबी. तो एकेक पत्रिका घेई, बोट डबीत बुडवी आणि चारी कोपऱ्यांना लावी. बोट बुडवायच्या आधी जरासा हसायचा, तेच ते हसणं.

"दादा," सहदेव म्हणाला.

वामननं वर पाहिलं नाही.

शकुनवहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि सहदेवच्या अगदी जवळून गेल्या. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं. गळा दागिन्यांनी भरलेला होता. चेहऱ्यावरच्या सतरा वर्षांच्या रेघा कुठे दिसत नव्हत्या. सहदेवचं मन इतकं भरून आलं, की आपल्याला कुणी पाणी विचारलं नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तो वाकला आणि गठ्ठ्यातली वरची पत्रिका वाचू लागला. मोकळी जागा भरली होती. 'श्री. वामनराव नारायणराव उमक यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. भावना.' श्री. त्यानं ते अक्षर पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला एवढंच हवं होतं.

कुंकवाची डबी बामची होती.

वहिनी थांबल्या, रस्त्याकडे पाहू लागल्या. "तुमाले आवाज आला काय वो? फटफटीचा?"

"आला," वामन म्हणाला. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "दरसाली फागुनात येते. त्यानं मले म्हटलं होतं, दादा, पोती उतरव, पयले मी जाऊन येतो. ट्रायलच संपली नाही त्याची."

मग त्यानं पुढची पत्रिका घेतली, उलगडून मांडीवर सपाट केली. कोपऱ्यांना कुंकू लावून झालं. एक बोट भावनाच्या नावाखालच्या ओळीवर जरा थांबलं, तिथे कुंकवाचा बारीक ठिपका उमटला, चंद्रकोरीसारखा.

त्या ओळीत छापलं होतं, 'तसेच कै. सहदेव नारायणराव उमक यांची पुतणी.'